लोकांसाठी खुला सप्ताह: वक्त्यांच्या यादीआधी एसटीचं वेळापत्रक काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्यात, शहरापासून लांब सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असलेल्या विद्यापीठाच्या एका आवारात तुम्ही सहायक प्राध्यापक आहात आणि यंदाच्या ‘खुल्या सप्ताहा’चं समन्वयकपद तुमच्या गळ्यात पडलंय. सात दिवस, सर्वांना मोफत प्रवेश, खर्चाला दीड लाख. गेल्या वर्षी रोज एक व्याख्यान ठेवलं, वक्ते मुंबई-पुण्याहून आले, आणि खुर्च्यांवर बसली ती हजेरीच्या धाकाने आणलेली आपलीच मुलं. खालच्या वाड्यांमधलं कोणी फिरकलं नाही. यंदा कोणते वक्ते बोलवावेत आणि जाहिरात कशी करावी, असं तुम्ही विचारताय.

माझी नोकरी विस्तार शिक्षणात, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान गावापर्यंत पोचवण्यात गेली. असे सप्ताह आणि मेळावे आयोजकांच्या खुर्चीतून पाहिले, तसे गावातून येणाऱ्यांबरोबर गाडीत बसूनही पाहिले. त्यावरून सांगतो, तुमची अडचण वक्त्यांची नाही आणि जाहिरातीचीही फारशी नाही. खालच्या वाडीतल्या बाईला दुपारी सड्यावर यायला गाडी आहे का आणि दिवेलागणीच्या आत ती घरी पोचेल का, हे गेल्या वर्षी कोणी पाहिलं नसावं. माणूस त्याला सवड असेल तेव्हा येतो, परतीची सोय असेल तर येतो, आणि स्वतःचं काही काम होणार असेल तर नक्की येतो. हे जमलं की वक्ता कोण, हा प्रश्न मागे पडतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या तुम्हालाच पाहाव्या लागतील. आवार शेतीचं, मत्स्यविज्ञानाचं, अभियांत्रिकीचं की कला-विज्ञानाचं, यावर दाखवण्याजोगं काय आहे ते ठरेल. समुद्र किती जवळ आहे, आवाराची स्वतःची बस आहे का, वसतिगृहातली मुलं त्या आठवड्यात हजर आहेत का, यावरही बरंच अवलंबून. आणि संचालकांना खरोखर लोक हवेत की महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या फायलीत लावायला जिओ-टॅग केलेले फोटो हवेत, हे एकदा त्यांच्यासमोर बसून विचारून घ्या. फोटोच हवे असतील तरी हरकत नाही. ते उद्घाटनाच्या एका दिवसात होतात आणि बाकीचे सहा दिवस तुमच्या हातात राहतात.

आता तारीख. बहुतेक ठिकाणी असा सप्ताह २८ फेब्रुवारीला जोडून घेतात, कारण तो राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या दिवशीचा, आणि १९८७ पासून हा दिवस साजरा होतो. आदल्याच दिवशी कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. कागदावर छान जुळतं. पण तेव्हाच बारावी-दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा चालू असतात. हायस्कूलचं परीक्षा केंद्र झालेलं, शिक्षक पर्यवेक्षणाला गेलेले. मुख्याध्यापक तुम्हाला ‘बघतो’ म्हणतील, पण पाठवणार कोणाला? त्यात फाल्गुन लागला की शिमग्याचे वेध. चाकरमानी गावात येतो तो पालखीसाठी, त्याला तेव्हा सभागृहात बोलावण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवणं, पेट्या भरणं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते म्हणून मच्छीमार मोकळे असतील असं वरून वाटतं, पण तेव्हा जाळी आणि होड्यांची दुरुस्ती निघते, आणि ज्याचं चार गुंठे भात आहे तो लावणीत अडकतो. पुढे गणपती, भातकापणी, दिवाळी आणि तुमच्या स्वतःच्या सत्र परीक्षा.

उरतो तो साधारण डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीचा तिसरा आठवडा. हवा कोरडी, सड्यावर दुपारीही उभं राहता येतं. शाळांच्या सहली याच दिवसांत निघतात, त्यामुळे मुलांना बाहेर काढायला मुख्याध्यापक तयार असतात. अलीकडे बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीच्या अखेरीस सुरू होतात, त्याआधी उरका. वरिष्ठांना निमित्त हवं असेल तर १२ जानेवारीचा राष्ट्रीय युवा दिन आहेच. राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस) सात दिवसांचं निवासी शिबिर त्याच आठवड्यात येणार नाही हे कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून पक्कं करून घ्या, नाहीतर ऐन वेळी स्वयंसेवकच नाहीत अशी गत होते. स्थानिक निवडणूक असेल तर आचारसंहिता पाहा, पाहुण्यांची निम्मी यादी तिथेच गळते. आणि आसपासच्या गावांच्या जत्रा विचारा. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडतीलच असं नाही, गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारावं लागतं. सिंधुदुर्गातली आंगणेवाडीची जत्रा तर ठरलेल्या तिथीला नसतेच, देवीचा कौल झाला की तारीख जाहीर होते. जत्रेच्या दिवशी तुमच्याकडे कोणी येणार नाही आणि येऊही नये.

तारखेचा आणखी एक धागा आहे, तो फारसं कोणी धरत नाही. किनाऱ्याजवळ असाल तर सप्ताह शुक्ल अष्टमीला सुरू करून पौर्णिमेच्या आसपास संपवा. अष्टमीचा अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो. उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि साध्या दुर्बिणीतूनही चंद्र खडबडीत दिसतो. पौर्णिमेला तोच चंद्र सपाट, डोळे दिपवणारा. म्हणजे दुर्बीण सुरुवातीच्या दोन-तीन संध्याकाळी. उलट खडकाळ किनाऱ्यावर नेऊन समुद्री जीव दाखवायचे तर उधाण, म्हणजे पौर्णिमेजवळची मोठी भरती-ओहोटी हवी, म्हणून ती फेरी शेवटी. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी मागे सरतच नाही म्हटलं तरी चालेल. उधाणात ओहोटीला खडक लांबवर उघडे पडतात आणि डबक्यांत तारामासे, खेकडे, समुद्रफुलं दिसतात.

वेळेसाठी आपल्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. चतुर्दशीला साडेदहाला भरती, म्हणून ओहोटी दुपारी साडेचारच्या सुमाराला. शाळेतल्या मुलांना घेऊन जायला याहून चांगली वेळ कुठली? साडेतीनला खडकावर उतरायचं, पाणी फिरलं की साडेपाचच्या आत सगळे वर. हा हिशेब नियोजनापुरता. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून प्रत्यक्ष वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांवरून किंवा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेच्या अंदाजावरून नक्की करा. मार्गशीर्षातली पौर्णिमा धरली तर दत्तजयंती आडवी येईल, तेव्हा चतुर्दशीलाच समारोप करा. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांचा कार्यक्रम ठेवू नका, घरोघरी महालक्ष्मीची पूजा मांडलेली असते.

तारीख ठरली की दुसरं काम डेपोत जाण्याचं. तुमच्या फाट्यावरून जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून आणा: सकाळी शहराकडे जाणाऱ्या, दुपारच्या परतीच्या, आणि वस्तीची गाडी कुठल्या गावाला मुक्कामाला जाते ती. कार्यक्रमाची वेळ या कागदावरून ठरवायची. गाडी पावणेतीनला फाट्यावर येत असेल तर कार्यक्रम तीनला सुरू आणि परतीच्या गाडीआधी वीस मिनिटं संपलेला. फाटा ते आवार दीड-दोन किलोमीटर चढ असेल तर तेवढ्यापुरती आवाराची बस किंवा दोन रिक्षा उभ्या ठेवा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि त्याच्या आधीपासून, ऑगस्ट २०२२ पासून, ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. त्यामुळे गाडी वेळेवर असेल तर तिकिटासाठी कोणी घरी बसत नाही, अडतं ते परतीवर. शाळांसाठी एसटीची बस प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्यापुरती भाड्याने, घ्या. आगारप्रमुखांना पत्र आधी द्या, कारण हाच सहलींचा मोसम असतो आणि बस शिल्लक राहत नाहीत. दीड लाखातला सगळ्यात मोठा हिस्सा मी इथे घालेन. तुमच्या लेखाविभागाला ते विचित्र वाटेल, कारण त्यांना ‘मानधन’ आणि ‘मंडप’ ही शीर्षकं सवयीची असतात. मंजुरी घेतानाच ‘सहभागींची वाहतूक’ असं शीर्षक स्वतंत्र टाकून घ्या, मागून बदलता येत नाही.

‘लोक’ नावाचं कोणी नसतं, हेही यादी करताना ध्यानात ठेवा. शाळेची मुलं सकाळी दहा ते एक येऊ शकतात. जेवणानंतर ती पेंगतात आणि परतीचं अंतर असतं. बागायतदार सकाळी फवारणीत असतो, तो चारनंतर येतो, दुचाकीवर, आणि तासाभरात जातो. बचत गटाच्या बायका दुपारी दोन ते साडेचार. मच्छीमारांचं गाव असेल तर त्यांच्या सोसायटीत विचारा. मुस्लिम वस्ती असेल तर शुक्रवारी नमाजानंतरची दुपार बहुधा मोकळी मिळते. शहरातले निवृत्त लोक, शिक्षक, वाचनालयवाले रविवारी येतात आणि व्याख्यान खरोखर ऐकायला हवं असतं ते यांनाच. सगळ्यांना सगळे सात दिवस बोलावलंत की कोणीच येत नाही. प्रत्येकाला एक दिवस आणि एक वेळ सांगा.

इथपर्यंतचं एका ओळीत: डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीचा तिसरा आठवडा, चंद्र वाढता, वेळ एसटीची, आणि प्रत्येक दिवशी एकाच प्रकारची माणसं. आता त्यांना दाखवायचं काय?

व्याख्यानं कमी करून दारं उघडा. प्रयोगशाळा, कार्यशाळा, रोपवाटिका, संग्रह, जे एरवी बंद असतं ते. पण नुसतं ‘पाहायला या’ म्हणून मोठी माणसं येत नाहीत. त्यांना काहीतरी घेऊन यायला सांगा. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चाललेली गोष्ट म्हणजे ‘आपल्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणा’. खाडीकाठच्या विहिरी शिमग्यानंतर मचूळ होतात, सड्याखालच्या वाड्यांत पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, प्रत्येकाला आपल्या पाण्याविषयी शंका असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सामू (पीएच), विद्युतवाहकता, क्लोराइड आणि कठीणपणा मुलं त्याच दुपारी काढून देतात. त्याला जोडून एचटूएस बाटलीची चाचणी ठेवा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, २४ ते ४८ तास ठेवायचं, पाणी काळं झालं तर मैल्याचा संसर्ग असण्याची शक्यता. याचा फायदा असा की निकाल पाहायला माणूस पुन्हा येतो किंवा निदान फोन तरी करतो. दुसऱ्यांदा आलेला माणूस बरोबर शेजाऱ्याला आणतो.

यात दोन पथ्यं आहेत. एक, निकालाच्या कागदावर ‘पिण्यास योग्य’ असं कधीही लिहू नका. ते सांगणं अधिकृत पाणी तपासणी प्रयोगशाळेचं काम आहे, तुमच्या मुलांचं नाही. आकडे द्या, ठरलेली मर्यादा शेजारी छापा आणि शंका असेल तर पुढे कुठे जायचं ते लिहा. दोन, कोणाच्या विहिरीचं पाणी काळं झालं हे फलकावर लावू नका. एका वाडीत दोन विहिरी आणि दोन भावकी असतील तर तुमच्या तक्त्यावरून गावात वर्षभर भांडण चालेल. निकाल ज्याचा त्याच्या हातात, आणि काळ्या झालेल्या बाटल्यांची यादी फक्त ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती आणि कशी टाकायची हे तोच चांगलं समजावतो, त्यालाच टेबलावर बसवा. आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठाच्या टेबलामागे बसल्यावर तो सप्ताहाची जेवढी जाहिरात करतो तेवढी तुमचा फ्लेक्स करणार नाही.

बागायतदारांसाठी तेच सूत्र: मोहोराची रोगट फांदी, गळलेली सुपारीएवढी फळं, कागदात गुंडाळून घेऊन या. जानेवारीत हापूसवाल्याच्या डोक्यात तुडतुडे, फुलकिडे, भुरी आणि फळगळ याशिवाय दुसरं काही नसतं. तुमच्याकडे कृषीचा विभाग नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून किंवा त्यांच्या जवळच्या संशोधन केंद्राकडून एक कीटकशास्त्रज्ञ आणि एक सूक्ष्मदर्शक मागवा. भाषण नको, तीन तास टेबल. आपल्याच फांदीवरचा फुलकिडा काचेखाली हलताना पाहिला की औषध कोणतं, कधी आणि का, हा प्रश्न त्याच्या तोंडून येतो. कलम बांधण्याचं प्रात्यक्षिक मात्र जानेवारीत ठेवू नका. कोय कलमाचे दिवस पावसाळ्याचे, आणि बागायतदार तुमच्या फलकाकडे बघून हसेल. त्यापेक्षा आवारात झाडं असतील तर रत्ना आणि सिंधू दाखवा. दापोलीनेच काढलेल्या या जाती, अनुक्रमे १९८१ आणि १९९२ मधल्या. हापूस आणि नीलमच्या संकरातून आलेली रत्ना आणि जवळजवळ बिनकोयीची सिंधू ही नावं अनेकांनी ऐकलेली असतात, पण पन्नास पावलांवर झाड उभं असताना कोणी दाखवलेलं नसतं.

किनाऱ्यावरच्या फेरीला प्राध्यापकाबरोबर कालवं काढणारी एक बाई वाटाड्या म्हणून घ्या. कुठल्या खडकावर पाय घसरतो, कुठल्या कपारीत काय बसतं, हे तिला ठाऊक असतं. जीवाचं शास्त्रीय नाव आणि त्याचं जगणं प्राध्यापक सांगेल. मानधन दोघांना सारखं द्या. पंचवीस मुलांमागे दोन मोठी माणसं, पायांत पट्ट्याच्या चपला किंवा बूट, आणि काहीही उचलून घरी न्यायचं नाही. प्रवाळ, समुद्री काकडी आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, हे मुलांना खडकावर उतरण्याआधी सांगायचं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्या दुपारची कल्पना देऊन ठेवा.

समुद्र लांब असेल तर सडा आहेच. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, तुमच्यापासून फार दूर नसतील. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण शेजारच्या गावातल्या मुलांनी ती पाहिलेली असतातच असं नाही. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर न्या. तिरक्या उन्हात रेषा उठून दिसतात, भरदुपारी काही कळत नाही. खडूने रेषा भरू द्यायच्या नाहीत, चित्रावरून चालू द्यायचं नाही. जागा खाजगी मालकीची असते, आदल्या दिवशी मालकाला भेटून या.

ही सगळी टेबलं चालवणार तुमचे विद्यार्थी. मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवत असे, आणि आजही तेच सांगेन. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं घ्या, शेवटच्या वर्षाची नोकरी आणि प्रवेशपरीक्षांच्या चिंतेत असतात. प्रत्येकाला एकच टेबल सातही दिवस द्या, म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत ते अस्खलित होतात. आठवडाभर आधी तालीम घ्या आणि तालमीला समोर प्राध्यापक बसवू नका. माळी, शिपाई, मेसमधल्या मावशी यांना बसवा. मावशींना कळलं नाही की मुलगा आपोआप सोपं बोलायला लागतो. संगमेश्वरी, मालवणी, कोकणी मुसलमानांची बोली, ज्याला जी येते ती बोलू द्या. घरी आजीशी बोलतो तसा तो टेबलामागून बोलला की समोरचा माणूस प्रश्न विचारायला धजावतो. आणि ‘मला माहीत नाही, सरांना विचारून सांगतो’ हे वाक्य प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. हुशार मुलांना तेच सगळ्यात जड जातं.

मंचाचं काय? उद्घाटन पंचवीस मिनिटांत आटपा. दीपप्रज्वलन, दोन शब्द प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत, आणि चला टेबलांकडे. शाल-श्रीफळ आणि बारा जणांचे पुष्पगुच्छ यात पाऊण तास जातो आणि शाळेची मुलं उन्हात रांगेत उभी असतात. पाहुणे उशिरा येणार असतील तर टेबलं आधी उघडा. पाहुणे आले की त्यांना तिथेच फिरवा, फोटोही जास्त चांगले येतात.

सातपैकी दोन संध्याकाळी आवार खाली न्या. दुर्बीण आणि चार टेबलं घेऊन वाडीतल्या शाळेच्या पटांगणात जा, म्हणजे रात्रीच्या परतीचा प्रश्न येणाऱ्यांना राहत नाही, तुमच्या मुलांना राहतो आणि त्यांच्यासाठी बस आहेच. साडेसहाला अंधार पडू लागतो, आठपर्यंत चंद्र, कृत्तिका, मृग दाखवून होतं. म्हातारी माणसं याच वेळी येतात. त्यानंतर गावच्याच मंडळाचं नमन किंवा जाखडी, या कोकणातल्या लोककला, ठेवलीत तर गर्दी हटत नाही. पण नमन रात्रभर चालणारी गोष्ट आहे आणि ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद करावा लागतो. मंडळाला आधीच सांगा की गण, गवळण आणि संकासुर एवढंच, वगनाट्य नको. पोलीस ठाण्याची परवानगी आणि ग्रामपंचायतीचं पत्र आधी घेऊन ठेवा.

जाहिरातीबद्दल थोडक्यात, कारण वरचं जमलं तर ती फार लागत नाही. शहरातल्या चौकात फ्लेक्स लावण्याचे पैसे वाचवा. शाळांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणि केंद्रप्रमुखांना प्रत्यक्ष भेट. बायकांसाठी ‘उमेद’ अभियानात बचत गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताई आणि अंगणवाडी सेविका. मच्छीमारांसाठी सोसायटीचा डिझेल पंप. बागायतदारांसाठी औषधाच्या दुकानाचा काउंटर. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरही टाका. चाकरमानी येणार नाही, पण गावातल्या भावाला फोन करून ‘पाणी तपासून घे’ असं तोच सांगतो. मजकुरात सप्ताहाचं भारदस्त नाव खाली आणि वर ठळक अक्षरांत एवढंच: काय घेऊन यायचं, किती वाजता, परतीची गाडी किती वाजता.

जेवणखाण गावातल्या बचत गटाकडे द्या. पोहे-चहा आणि दुपारी मुलांना मसालेभात, एवढं पुरे. फक्त एक करा: अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली सप्ताह संपल्यापासून आठवड्यात मिळेल अशी लेखी मंजुरी आधीच घ्या. कोटेशनं, बिलं, उपयोगिता प्रमाणपत्र यांचं चक्र मार्चअखेरपर्यंत फिरतं आणि तोवर त्या बायकांचं किराणा दुकानाचं उधार थकलेलं असतं. पुढच्या वर्षी मग त्या येत नाहीत आणि त्यांच्या वाडीतूनही कोणी येत नाही. पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ, कडी लागणारी स्वच्छतागृहं, हे आदल्या दिवशी स्वतः फिरून पाहा. शिक्षिका शाळेला पुन्हा आणतील की नाही ते बरंचसं तिथे ठरतं.

हजेरीपटाबरोबर एक साधी वही ठेवा आणि लोकांनी टेबलावर विचारलेले प्रश्न मुलांना त्यात उतरवून घ्यायला सांगा, गावाच्या नावासह. पुढच्या वर्षीचे विषय त्यातूनच निघतात. अहवालात नेमकं लिहायला काही मिळतं आणि नॅकच्या समितीला दाखवायलाही ती वही फोटोंपेक्षा बरी.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, वक्ते कोण. एकच बोलवा, रविवारी, शहरातल्या श्रोत्यांसाठी, आणि दोन दिवस मुक्कामी येऊ शकेल असाच. मुंबई-पुण्याचं मोठं नाव सकाळच्या तेजस एक्सप्रेसने येऊन रात्रीच्या गाडीने जाणार असेल तर नको. शनिवारी दुपारी तो पाण्याच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसला, लोकांचं ऐकलं, तर रविवारी त्याचं व्याख्यान या मातीतलं होतं. निमंत्रणाच्या पत्रातच ही अट लिहा. काही जण नाही म्हणतील, म्हणून तीन नावं हाताशी ठेवा आणि पत्रं ऑक्टोबरमध्येच पाठवा.